अठरा घरांचा आकडा

गंगापूर रोडवरच्या पुंजारामच्या फुलांच्या टपरीला कधी पाटी नव्हती. गरजच काय? “तो कोडं घालणारा फूलवाला” म्हटलं की रिक्षावाला बरोबर तिथं आणून सोडायचा. गिऱ्हाईक जरा शिकलेलं दिसलं, गाडीवर डॉक्टर नाहीतर वकिलाची खूण दिसली, की हा हार बांधता बांधता भोळं तोंड करून विचारणार, “साहेब, एक आकडा सांगा. त्याचा शेवटचा अंक उचलून सगळ्यांच्या पुढं ठेवायचा, बाकी काय हलवायचं नाय, आन् आकडा बरोबर दुप्पट झाला पाहिजे. सांगितला तर गजरा फुकट.”

साहेब मनातल्या मनात पंचवीस घ्यायचे, पाच पुढं आणून बावन्न करायचे, दोनानं हुकलं म्हणून हळहळायचे आणि मग घड्याळ बघून निघून जायचे. क्लासवाले सर “उद्या सांगतो” म्हणायचे आणि महिनाभर पलीकडच्या फुटपाथनं जायचे. पुंजाराम गालातल्या गालात हसायचा. आठवीत शाळा सुटलेला माणूस तो. दिवसभर शिकलेल्यांना हार बांधून द्यायचे आणि त्यातल्या दोघाचौघांना तोंडघशी पाडायचं, एवढीच त्याची चैन होती.

कोडं त्याचं नव्हतं. गावच्या शाळेत एक मास्तर होते, ते पोरांकडून ‘एकं, दहं, शतं’ घोकून घ्यायचे, ते थेट परार्धापर्यंत. अठरा घरं. एक चुकलं की पहिल्यापासून. बदली झाली त्या दिवशी मास्तरांनी हे कोडं फळ्यावर लिहिलं आणि उत्तर न सांगताच एस.टी.त बसले. पुंजारामनं दोन अंकी आकडे तपासले, तीन अंकी तपासले, चार अंकींच्या निम्म्यापर्यंत गेला आणि मग शाळाच सुटली. पुढं तीसेक वर्षांत त्याची पक्की खात्री झाली की असा आकडाच नाही. मास्तरांनी जाता जाता पोरांची गंमत केली, बस. आणि नसलेल्या आकड्यावर गजरा लावायला माणसाच्या बापाचं काय जातं?

त्याची पोरगी मनीषा याच टपरीत मोठी झाली. गंगापूर गावाकडच्या मळ्यातून सकाळी झेंडू, शेवंती, गुलाब यायचा. आई अंबूबाई फुलं निवडायची आणि पोरगी ओवायची. हात असा चालायचा की शेजारचा सायकल दुरुस्तीवाला नियाज म्हणायचा, “नाना, इसको तो मशीन म्हणा.” सुई हातात, पुस्तक मांडीवर. दोन हजार चौदा साली बारावीला गणितात तिला शंभरपैकी शंभर पडले, आणि पुण्याच्या एका कॉलेजच्या गणिताच्या यादीत तिचं नाव लागलं. त्या कॉलेजला आपल्याकडची तीन पोरं गेली तर खूप, असं तिच्या वर्गाच्या बाई सांगून गेल्या. शुक्रवारपर्यंत जाऊन नाव घालायचं होतं.

खरं सांगायचं तर पुंजारामला पोरगी पाठवायची नव्हती. पुण्यात ओळखीचं कुत्रं नाही, वसतिगृहात कोण कसं असेल देव जाणे, आणि सायखेड्याच्या एका चांगल्या घरातून तिच्यासाठी निरोप येऊन गेला होता. नदीकाठची बागायत, एकुलता मुलगा, पोरगा निर्व्यसनी. पण शंभरपैकी शंभर मिळवणाऱ्या पोरीला तोंडावर ‘नाही’ म्हणायला छाती लागते, ती याच्याकडं नव्हती. मग त्यानं काय शक्कल काढली? शनिवारी सकाळी टपरीत, अंबूबाई आणि नियाजच्या समोर, मोठ्या दिलदारीनं म्हणाला, “ते माझं कोडं सोडव. आकडा आण, आन् जा पुण्याला. माझा शब्द.”

नकार आपल्या तोंडून जायला नको, तो आकड्याच्या तोंडून जावा. असला हिशोबी बाप. त्या दिवशी त्याला जेवण लय गोड लागलं.

पोरगी दोन दिवस गप्प होती. फुलं ओवायची आणि ओवता ओवता थांबायची. मंगळवारी संध्याकाळी दुकान आवरायच्या वेळेला तिनं हारांच्या ऑर्डरी लिहायच्या वहीचं पान त्याच्या पुढ्यात ठेवलं. त्यावर लांबलचक आकडा होता:

१०५२६३१५७८९४७३६८४२

“अठरा अंकी हाय, नाना,” ती म्हणाली. “सगळे पुढून शोधतात म्हणून सापडत नाय. आपण हार कसा ओवतो? सुईत पहिलं घातलेलं फूल दोऱ्याच्या शेवटी जातं. मी तसंच मागून धरलं. शेवटी दोन ठेवला. दोनाची दुप्पट चार. शेवटचा पुढं गेला की त्याच्या जागी अलीकडचा अंक सरकतो, म्हणून चार दोनाच्या अलीकडं. चाराची आठ, तो चाराच्या अलीकडं. आठाची सोळा, म्हणून सहा मांडला, हातचा एक. सहाची बारा आन् हातचा एक, तेरा. तीन मांडला, हातचा एक. असंच ओवत जायचं. मधी एकदा दोन परत आला होता, पण हातात एक शिल्लक होता, म्हणून गाठ मारली नाय. मग शून्य आलं, एक आला, आन् एकाची दुप्पट बरोबर दोन, हातात काय नाय. तिथं गाठ.”

बोलताना तिचा चेहरा असा उजळला होता की अंबूबाईनं हातातली टोपली खाली ठेवली. तिला त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं, पण पोरगी खरं बोलतेय एवढं कळलं.

पुंजारामच्या तोंडचं पाणी पळालं. तीस वर्षं शहराला कोड्यात टाकणारा हा, आणि त्याच्या घरातल्या पोरीनं झेंडूच्या ढिगाजवळ बसून तीन दिवसांत कोडं मोडलं. बापाला आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही असेल कुठंतरी तळाशी. पण वर आली ती भीती, आणि भीतीच्या मागून मानहानी. त्यानं गल्ल्याशेजारचं कॅल्क्युलेटर ओढलं. “थांब. मशीनला विचारू.”

एकेक अंक वाचत त्यानं आकडा दाबला. बारा अंक झाले आणि यंत्र पुढं घेईना. बाराच घरं होती त्याला. तेवढ्यावरच त्यानं दोननं गुणलं. आलं २१०५२६३१५७८८. मग पानावर बघितलं. शेवटचा दोन पुढं आणला तर सुरुवात व्हायला पाहिजे २१०५२६३१५७८९ अशी.

“हे बघ,” तो म्हणाला. “मशीन म्हणतं आठ, तू म्हणते नऊ. चुकला.”

“नाना, अजून सहा अंक मागं हायेत. त्यांचा हातचा यायचाय तिथं. हातानं करून बघा.”

“मशीन खोटं बोलत नाय.”

मनीषानं त्याच्याकडं बघितलं. वाटलं आता भांडेल, रडेल, पान तोंडावर फेकेल. तसं काही झालं नाही. तिनं पानाची घडी घातली, “बरं,” म्हणाली आणि राहिलेली फुलं ओल्या फडक्यात बांधायला घेतली.

इथवर पुंजारामला माफ करता आलं असतं. माणूस अडाणी, यंत्र तोकडं, चूक झाली, संपलं. पण गोष्ट तिथं संपत नाही.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी त्याला ते ‘सहा अंक मागं हायेत’ टोचायला लागलं. आकडा त्याला पाठ झाला होता. एकदा वाचलेलं विसरणारा गडी नव्हता तो. त्यानं राहिलेले सहा अंक त्याच कॅल्क्युलेटरवर दाबले, ७३६८४२, आणि दोननं गुणले. आलं १४७३६८४. सहा अंकांचे सात झाले. जास्तीचा एक डावीकडं कलंडला, तो कालच्या आठात जाऊन पडला, आणि आठाचा नऊ झाला. पुढचे अंकही पोरीच्या पानासारखेच. सगळा आकडा जिथल्या तिथं, लख्ख.

अर्धं मिनिट लागलं असेल. तो तसाच बसून राहिला. गुलाबाचा हार मागणाऱ्याला त्यानं शेवंतीचा दिला.

नियाजचं लक्ष होतं. “क्या हुआ, नाना?”

“बरोबर हाय रे तिचा आकडा.”

“मग बसलात काय? घरी जा. जबान दिली तुम्ही.”

“संध्याकाळी सांगतो.”

संध्याकाळी सायखेड्याहून फोन आला, रविवारी बघायला येतो म्हणून. गुरुवारी मोठ्या लग्नाची ऑर्डर होती, मांडवाची फुलं. शुक्रवारी सकाळी तो दोनदा तिच्याजवळ जाऊन उभा राहिला आणि दोन्ही वेळा “पाणी दे” म्हणून परत फिरला. शनिवारी सांगून उपयोगच नव्हता. असं हे झालं. कुणी गळा दाबला नव्हता त्याचा. त्यानं आपण होऊन मूग गिळले.

पुढच्या उन्हाळ्यात मनीषाचं लग्न झालं. घर खरंच चांगलं निघालं, त्यात खोट काढायला जागा नाही. जावई शांत. सासू जरा बोलघेवडी, पण मनात काही ठेवणारी नव्हे. मनीषा टोमॅटोच्या बागेत राबायची, जाळ्या भरायची, पिंपळगावच्या बाजाराला माल गेला की विक्रीच्या हिशोबाची पट्टी बघायची. लवकरच मुलगी झाली, जिया. आणि पोरीनं बापावर राग धरला म्हणाल, तर तेही नाही. उलट जास्तच माया. सारखा फोन, “नाना, बीपीची गोळी घेतली का?” सणाला आली की आधी त्याची टपरी झाडून काढणार, चष्म्याची काडी बघणार, बनियन फाटलं म्हणून आईला बोलणार. इतकं गोड वागायची की पुंजारामला घास उतरत नसे. तिनं एकदा तरी कडाकडा भांडावं असं त्याला वाटे.

त्यानं कोडं घालणं त्या बुधवारपासून बंद केलं. जुनं गिऱ्हाईक विचारी, “काय नाना, तुमचा तो आकडा?” हा म्हणे, “विसरलो.”

विसरतो कसला. तो आकडा त्याच्या मानगुटीवरच बसला होता. दुपारी रस्ता ओस पडला की तो रद्दीच्या कोऱ्या कडेवर मांडत बसे, आणि आता सगळं हातानं, यंत्राला शिवायचं नाही. एकदा सहज तिप्पट करून बघितली, तर ३१५७८९४७३६८४२१०५२६. त्यानं डोळे चोळले. तीच माळ, फक्त दुसऱ्या फुलापासून धरलेली. चौपट केली, पुन्हा तीच. पाचपट, सहापट, थेट नऊपटीपर्यंत तेच अठरा अंक, त्याच ओळीनं, गोल फिरत. दुसऱ्या एका पावसाळ्यात त्यानं आकडा मधोमध तोडला आणि नऊ अंकांखाली नऊ अंक मांडले. १०५२६३१५७ खाली ८९४७३६८४२. एकाखाली आठ, शून्याखाली नऊ, पाचाखाली चार. प्रत्येक जोडीची बेरीज नऊ. एकही जोडी चुकत नव्हती. मग त्याला मास्तरांची अठरा घरं आठवली. त्यानं बोटं मोडत मोजलं, शेवटचा दोन एकंच्या घरात आणि पहिला एक बरोबर परार्धाच्या. घोकलेली सगळी घरं भरली होती. उत्तर पहिल्यापासून आपल्या तोंडात होतं आणि आपण चार अंकांवरून माघारी फिरलो.

एवढं सुंदर काहीतरी पोरीनं आणलं होतं आणि आपण तिला ‘चुकला’ म्हणालो. हे मनात आलं की त्याला तिथंच, फुलांच्या ढिगाशेजारी, रडू फुटायचं. परागकण डोळ्यात गेले, असं तो नियाजला सांगायचा. नियाज काय दुधखुळा होता?

“सांगून टाका, नाना,” नियाज म्हणायचा. “दिलावरचं ओझं घेऊन वर जाणार का?”

अंबूबाईला त्यानं एका वर्षी कबुली दिली. ती म्हणाली, “बैल गेला आन् झोपा केला. आता सांगू नका तिला. सांगून तुमचं ओझं उतरंल, पण तिच्या डोक्यावर जाईल. सुखात हाय, ऱ्हाऊ द्या.”

अंबूबाई शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. पण दोघांत शहाणी तीच, हे पुंजारामला कळायला उशीर लागला.

गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट. टपरीसमोर झेंडूचा डोंगर, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. मनीषा जियाला घेऊन सकाळच्या गाडीनं मदतीला आली होती. तोरणांचा एक घाणा उरकला, दुपारी जरा उसंत मिळाली. आठ वर्षांची जिया आजोबाला चिकटून बसली होती. शाळेत नुकतीच मोठाल्या संख्यांशी गाठ पडली होती तिची.

“आजोबा, कोटीच्या पुढं काय असतं?”

पुंजारामनं तोंड उघडलं, तेवढ्यात मनीषा हसत म्हणाली, “जिया, आजोबांना नको छळू. त्यांना मोठ्या आकड्यातलं नाही कळत. मला विचार.”

किती सहज म्हणाली. त्यात खोच नव्हती, टोमणा नव्हता. म्हाताऱ्या माणसाला ऐकू येत नाही म्हणून आपण जरा मोठ्यानं बोलतो, तेवढीच त्यात काळजी होती. पण पुंजारामच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दहा वर्षं त्या आकड्याच्या पायाशी बसलेला माणूस तो, त्याला कळत नाही?

“कळतं मला,” तो म्हणाला. “एकं, दहं, शतं, परार्धापर्यंत सगळं कळतं. तुझा तो अठरा घरांचा आकडा हाय ना, तो नुसता दुप्पट नाय होत. नऊपटीपर्यंत तीच माळ फिरती. आन् मधून तोडून एकाखाली एक धरला, तर प्रत्येक जोडीची बेरीज नऊ. ते नव्हतं ना तुला ठाव?”

मनीषाचा हात थांबला. तोंडावर आधी हसू आलं, दहा वर्षांपूर्वी त्या संध्याकाळी होतं तसं, अगदी पोरीचं. “नाना, हे तुम्ही शोधलं?”

“मग? हातानं. एकट्यानं.”

“म्हणजे तुम्हाला पटलं, बरोबर होता ते.” ती अजून हसतच होती. “कधी कळलं?”

इथं खोटं बोलायला जागा होती. ‘मागल्या वर्षी’ म्हणाला असता तरी चाललं असतं. पण पोरीच्या त्या हसण्यानं त्याला वाटलं, आज सगळं माफ होतंय, आज ओझं उतरतंय. शेजारी नियाज चाकाला हवा भरायचा थांबला होता. अंबूबाई मागून नुसती मान हलवत होती, नको नको म्हणून. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही.

“दुसऱ्याच दिवशी,” तो म्हणाला. “सकाळी. ते मागचे सहा अंक मशीनवर घातले आन् हातचा आला. मी तुला फसवलं, पोरी. त्या दिवसापासून मला चैन नाय.”

मनीषानं सुई फुलात खोचून ठेवली.

“मी मंगळवारी दाखवला होता,” ती म्हणाली. “म्हणजे तुम्हाला बुधवारी कळलं. नाव घालायला शुक्रवारपर्यंत वेळ होता.”

“हो.”

“म्हणजे अजून दोन दिवस होते.”

एक बाई तोरणाचा भाव विचारून गेली, तिला कुणी उत्तर दिलं नाही.

“त्या संध्याकाळी मी भांडले का नाही, माहीत आहे?” मनीषाचा आवाज चढला नव्हता. “मला वाटलं, नानांना खरंच कळत नाही. मशीन बारा अंकी, नाना आठवी, त्यांचा काय दोष? कळत असतं तर त्यांनी पाठवलंच असतं, शब्द दिला होता. शेतात टोमॅटो तोडताना कधी फार जिवाला लागलं की हेच म्हणायचे मी स्वतःला. कळलं असतं तर पाठवलंच असतं. त्याच्यावर मी दहा वर्षं काढली, नाना.”

“मनीषा, चुकलो मी. माफ कर.”

“केलं होतं ना. तेव्हाच केलं होतं. तुम्हाला कळलं नाही, एवढ्या एका गोष्टीवर केलं होतं.” तिनं पदरावरचे झेंडूचे तुकडे झटकले, जियाला चप्पल घाल म्हणाली, आईच्या पाया पडली. मग बापाकडं वळली, तेव्हा तिचे डोळे भरले होते.

“आता कशावर करू?” ती म्हणाली.

ती जरा वेळ थांबली, उत्तराची वाट बघत असल्यासारखी, आणि मग जियाचा हात धरून सायखेड्याच्या गाडीला निघून गेली.